माशीचं वय मोजायला बसले आणि आलेख उलटाच आला

एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय घेतला होता मधमाशीच्या पेशीतली ऊर्जा आणि म्हातारपण. डोक्यात एकच चित्र, वय वाढेल तशी मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भागांची, ताकद उतरत जाणार.

पण मुळात माशीचं वय कळणार कसं, पोळ्यातल्या हजारो माश्यांत कोण किती दिवसांची हे बघून सांगता येत नाही. मग कोष असलेली फ्रेम 34-35 अंशाच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची, अंडं घातल्यापासून साधारण 21 दिवसांनी कामकरी माशी झाकण कुरतडून बाहेर येते, अंगावर राखाडी लव, अजून उडताही येत नाही. तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन पेटीत परत सोडायची, दर बॅचला वेगळा रंग. हे काम मला इतकं आवडायचं की तासन् तास जायचे.

खरी परीक्षा पुढे होती. ठरलेल्या दिवशी ठिपकेवाली माशी पकडायची, बर्फावर गार करायची, छातीतला उडायचा स्नायू काढून अलगद घोटायचा, ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या भांड्यात टाकायचा, त्यात मायटोकॉन्ड्रियाचं इंधन म्हणून पायरुवेट-मॅलेट, मग ज्यापासून ते ऊर्जेचा रेणू बनवतात ते एडीपी, आणि ऑक्सिजन किती वेगाने संपतो ते बघत बसायचं, वेग जितका जास्त तितकी मायटोकॉन्ड्रियाची ताकद जास्त. पहिले दोन आठवडे रेषा जेमतेम हलायची, रडू यायचं अक्षरशः. सायटोक्रोम सी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आतच असणारं आणि आवरण फाटलं की बाहेर गळणारं प्रोटीन, वरून घातलं की मात्र वेग एकदम वाढायचा, तेव्हा कळलं की मायटोकॉन्ड्रियाचं बाहेरचं आवरण माझ्याच हाताने फाटतंय. घोटणं हलकं केलं, सगळं सतत बर्फात ठेवलं, मग कुठे रीडिंग जमायला लागली.

आणि जमली तर उलटीच. नुकत्याच जन्मलेल्या माशीत वेग कमी, पिलं सांभाळणाऱ्या दाई माशीत जास्त, बाहेरून मकरंद आणणारीत सगळ्यात जास्त! मॅडम म्हणाल्या, अगं सेकंदाला 200 च्या वर पंख मारायचे, वर ओझं घेऊन, तो स्नायू तयार व्हायलाच दिवस लागतात. आता पोट उघडून बघ.

बघितलं. दाई माशीत चरबीच्या पेशींचा थर पांढरा, भरलेला, आणि मकरंद आणणारीत पातळ, जवळजवळ विरलेला. व्हायटेलोजेनिन हे साठ्याचं प्रोटीन तिथेच बनतं आणि बाहेरची कामं सुरू झाली की ते घटतं. म्हणजे एकाच माशीत छाती ऐन जोमात आणि पोट उतरणीला, आणि मी फक्त छाती मोजून वय सांगणार होते.

मग प्रश्न आला की हे वयामुळे की कामामुळे. त्यासाठी नुसत्या एकाच वयाच्या कोवळ्या माश्यांचं छोटं पोळं केलं, तिथे कुणीच मोठं नसल्यामुळे त्यातल्या काही जणी तीन आठवडे न थांबता खूप आधीच बाहेर पडायला लागतात. म्हणजे ठिपक्याचा रंग तोच, वय तेच, काम वेगळं. सध्या त्यांचेच नमुने चालू आहेत.

राणीचं मोजायचं राहिलंय. अंडं कामकरीचं असतं तसंच, फरक अळीपणीच्या खाण्याचा, आणि ती वर्षानुवर्षं जगते. पण पेटीत एकच असते, तिला बर्फावर ठेवायला अजून हात धजत नाही.