आमची वाटचाल : आधी अर्थिंग, मग बॅटरी

रत्नागिरीत पूर्वी ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात दोनच कामं चालायची. बॅटरी चार्जिंगला लावायची आणि जळलेला सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, नाहीतर डायनामो वाइंडिंग करून द्यायचा. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्या सुमारास मिरकरवाड्याच्या वाटेवर एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. भांडवल म्हणजे चार्जर, टेस्ट लॅम्प, डाग द्यायचा कय्या आणि उधारीवर आणलेली वायरची बंडलं. जागा स्वस्त होती म्हणून घेतली, पण आमच्या धंद्याला वळण लावलं ते त्याच जागेने.

बंदराजवळ असल्यामुळे गिऱ्हाईक मासळीच्या टेम्पोंचं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून ठिबकत राहतं आणि मागच्या दिव्यांची वायरिंग खाऊन टाकतं. टेम्पोवाले एकच तक्रार घेऊन यायचे: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा लुकलुकतो. बल्ब बदलून काही होत नसे. दिव्याच्या घराची अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायचा जोड, गंजलेली असते, मग करंट परत जायला दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. अर्थची जागा पॉलिश पेपरने घासून तारेच्या टोकाला नवा थिंबल बसवला की सगळे दिवे सरळ. पार्टचा खर्च जवळपास शून्य, शोधायला मात्र कधी अख्खी दुपार.

जुन्या गाड्यांत याहून फसवा प्रकार म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी. ती तुटली किंवा कुजली की सेल्फचा मोठा करंट मिळेल त्या वाटेने परततो, कधी चोकच्या तर कधी क्लचच्या केबलमधून. केबल गरम होते, आतलं प्लास्टिक वितळतं, आणि मालक सांगतो की क्लच जड झालाय. अशी मारुती ८०० आमच्याकडे आली तेव्हा तिला क्लच प्लेट नवी बसली होती आणि बॅटरीही नवी.

त्यानंतर दुकानात नियम केला. मीटर लावल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मग मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायचा. इथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष अर्थच्या वाटेत, नवी बॅटरी घालून उपयोग नाही. सळई खुंटावरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही, कारण निम्म्या वेळा कळंक, म्हणजे गंजाचा थर, त्या दोघांच्या मधेच साचलेला असतो.

नियम सोपा, पण त्यावर पोट भरणं अवघड. “मीटर लावायचे कसले पैसे, मिस्त्री? कायतरी पार्ट घाला नि घ्या काय ते,” असं तोंडावर ऐकलंय. शोधायची मजुरी वेगळी लिहायला लागलो तेव्हा काही रिक्षावाले दुसरीकडे गेले. बिलाची वही सौ. सांभाळते. तिने शोधणं आणि दुरुस्ती असे दोन रकाने पाडले, जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला सुरुवात केली. भांडणं तिथून कमी झाली.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या काळात आम्ही बोटींची वायरिंग करतो. बोटीला कल्हई केलेल्या तांब्याची तार वापरतात, कारण साधी तार आवरणाच्या आतून काळी पडत जाते, बाहेरून कळतही नाही. तीच तार आणि आतून गोंद असलेली आकसणारी नळी आम्ही गाड्यांच्या मागच्या दिव्यांना वापरतो. महाग पडते, पण ज्यांना घातली ते त्याच दिव्यांसाठी सहसा परत येत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने हे फार शहाणपणाचं नाही म्हणा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं आणि टो करून गाड्या यायला लागल्या. काहींनी पाणी ओसरल्यावर आधी किल्ली फिरवली होती, त्या गाड्यांचं काम दुप्पट वाढलं. बॅटरी काढायची, जोड सोडवून गोड्या पाण्याने चिखल धुवायचा, पंख्याखाली वाळवायचं, मगच रिले (मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि फ्यूज बघायचे. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती आधी रस्त्याला लागल्या. नवीन गाड्यांचे कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिन चालवणारे कॉम्प्युटर, गेले होते, त्यांचे मालक विम्याच्या कागदात अडकले.

आता आमच्याकडे आयटीआय झालेली दोन मुलं आहेत, गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर आहे, शेडला पत्र्याऐवजी स्लॅब आहे. गर्दी चाकरमान्यांच्या गाड्यांची. गावच्या पडवीत महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली गाडी, आत उंदरांनी कुरतडलेली वायरिंग आणि उतरलेली बॅटरी. गाडीतल्या गाण्यांच्या जुन्या टेपने बंद असताना अर्धा ॲम्पिअर चोरून खाल्ला तरी दिवसाला बारा अँपिअर-तास जातात, छोट्या गाडीची पस्तीसची बॅटरी तिसऱ्या दिवशी आडवी. मुंबईला निघताना निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा, एवढंच सांगतो.

फ्यूजला सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून देणं, रिले न घालता शंभर वॅटचे हेडलाइट बसवणं ही कामं आम्ही घेत नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या पासिंगसाठी दिवे, हॉर्न, वायपर तपासून देतो, पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात नाही. तेव्हा रस्त्यात अडलेल्याच गाड्या घेतो. पासिंगची गाडी शिमगा झाल्यावर आणा, तेव्हा दुकानात जागा असते.