विहीर नाचतेय: वर्षभराच्या ड्रोन टाइमलॅप्सचा माझा अनुभव

आधी कामाचं सांगतो, बाकी नंतर. एकाच जागेचे वर्षभराचे ड्रोन फोटो जोडून टाइमलॅप्स करायचा असेल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या स्टॅबिलायझरच्या (हलणारं चित्र आपोआप स्थिर करणाऱ्या) बटणाच्या भरवशावर राहू नका. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते आणि साडेचार हजार रुपये पण.

शेत माझ्या आत्याचं. इंदूरहून देपालपूरकडे जाताना, गावाच्या थोडं अलीकडे. आत्याची सगळी हयात तिथे गेली, आता गुडघ्यांमुळे ती इंदूरला दादाच्या फ्लॅटमधे असते, तिसरा मजला, आणि मी गेलो की पाणी प्यायच्या आधी प्रश्न सुरू. पेरलं का, उगवण कशी आहे, विहिरीला पाणी किती. मोबाइलवर फोटो दाखवले तर म्हणायची, अरे नुसती पानं काय दाखवतोस, शेत दाखव ना. तेव्हा ठरवलं की हिला पूर्ण वर्ष एकत्र दाखवायचं, उन्हाळ्यातली उघडी काळी माती, मग सोयाबीन, मग लोकवन गहू, मग परत उघडी माती.

४ जून २०२३चा रविवार पहिला आणि मे २०२४च्या शेवटचा रविवार शेवटचा. ५२ पैकी ४७ रविवार जमले, चार पावसाने गेले, एक माझ्या तापाने. ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला, त्यामुळे पायलटच्या सर्टिफिकेटची भानगड नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटच्या नकाशावर शेत हिरव्या झोनमधे होतं, तिथे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, मी तर ६० मीटरच्या वर गेलोच नाही. पण इंदूरच्या लोकांनी नकाशा न बघता गच्चीवरून उडवू नका, आपला विमानतळ शहराला लागून आहे आणि त्याच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत अगदी जमिनीपासूनच परवानगी लागते. नकाशा दर वेळी बघायचा, तो बदलत असतो.

उडवण्याचं काम सोपं होतं, खोटं कशाला बोलू. विहिरीशेजारी मोटरच्या खोलीपुढे सिमेंटचा ओटा आहे, त्यावर खिळ्याने फुली कोरली आणि वर्षभर तिथूनच उडवला. हे महत्त्वाचं आहे कारण ड्रोन उंची मोजतो ती उडवल्या जागेपासून, आज ओट्यावरून आणि पुढच्या रविवारी बांधावरून उडवलात तर स्क्रीनवर ६०च दिसेल पण फोटो वेगळा येईल. महागड्या ड्रोनमधे ठरलेल्या जागी आपोआप जाऊन थांबायची सोय असते, माझ्यात नव्हती. मग मी एक केलं, झेरॉक्सच्या दुकानातून ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, आणली, फोनच्या मापाने कापली आणि पहिल्या दिवशी स्क्रीनवर जे दिसत होतं त्यातली विहीर, ओटा, रस्त्याची कड आणि विजेच्या डीपीचे खांब बारीक मार्करने त्यावर गिरवले. पुढच्या वेळी शीट स्क्रीनवर ठेवायची आणि विहीर विहिरीवर बसेपर्यंत थोडा-थोडा करून ड्रोन सरकवायचा. गोल विहीर रेषेच्या आत बरोब्बर बसली की बटण दाबायचं. ती शीट अजून माझ्या पाकिटात आहे, घामाने एक कोपरा पुसलाय.

तरी चूक राहतेच. जीपीएसवर थांबलेला ड्रोन आडवा दीड मीटरपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो, कंपनीच आपल्या माहितीपत्रकात हा आकडा देते. माझ्या कॅमेऱ्याला ६० मीटरवरून सरळ खाली साधारण ८५ मीटर रुंदी दिसते आणि फोटो ४००० पिक्सेलचा, म्हणजे दीड मीटर चुकलं की ७० पिक्सेल सरकलं. त्यात अँगल जरा वेगळा आणि ड्रोनचं नाक दोन डिग्री फिरलेलं. मोबाइलवर एक-एक फोटो बघताना काही कळत नाही, जोडल्यावर कळतं.

मला फेब्रुवारीत कळलं. तोवरचे ३४ फोटो नुसते एकामागे एक लावून आत्याला दाखवले तर तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "अरे बंद कर, विहीर नाचतेय, मला गरगरतंय." मला फार वाईट वाटलं. आठ महिन्यांचे रविवार होते ते.

स्टॅबिलायझरचं बटण दाबलं. विहीर नाचायची थांबली पण आता सगळं शेत रबरासारखं ताणायला लागलं, रस्ता मधेच वाकायचा. मला वाटलं मलाच जमत नाहीये, म्हणून शहरातल्या एका स्टुडिओत दिलं. चार दिवस म्हणाले, लागले २४. दर वेळी फोन केला की "रेंडर चालू आहे". मी दोनदा ऑफिसमधून हाफ डे घेऊन जाऊन आलो, दोन्ही वेळा ज्यांनी काम घेतलं ते जागेवर नाहीत. शेवटी पेन ड्राइव्ह मिळाला, घरी लावला तर तेच बटण दाबून दिलेलं, तोच वाकणारा रस्ता. एकाही फोटोवर कुणी हाताने काम केलेलं नव्हतं. पैसे आधीच घेतले होते. याचा राग मला अजून आहे. काम येत नसेल तर पहिल्याच दिवशी तसं सांगायला हवं, मी दुसरीकडे बघितलं असतं.

मग स्वतः बसलो आणि मुळात बिघडतंय कुठे ते समजून घेतलं. स्टॅबिलायझर काय करतो तर एका फ्रेममधले ठळक ठिपके पुढच्या फ्रेममधे शोधतो आणि ते जितके सरकले तितकं चित्र उलटं सरकवतो. व्हिडिओत दोन फ्रेममधे सेकंदाचा पंचविसावा-तिसावा भाग असतो, जग बदललेलं नसतं. माझ्या दोन फ्रेममधे सात दिवस. सात दिवसांत सोयाबीनच्या ओळी एकमेकींना टेकतात, पाऊस पडला की माती काळीकुट्ट, सुकली की राखाडी. ऑक्टोबरमधे तर एका रविवारी कापलेल्या सोयाबीनची पिवळी फसकटं आणि पुढच्या रविवारी नांगरलेली माती, दोन फोटोंत सारखं असं काही उरतच नाही. सॉफ्टवेअर बिचारं पिकावरचेच ठिपके धरतं कारण फोटोत पीकच जास्त आहे, आणि पीक वाढतं, वाऱ्याने झुकतं, कापलं जातं. त्याला वाटतं कॅमेरा हलला आणि ते चित्र ओढतं.

म्हणजे पिकाकडे बघायचंच नाही. जे वर्षभर जागचं हलत नाही फक्त त्याच्याकडे बघायचं.

हे कळल्यावर मी फोटो हाताने जुळवायला घेतले. खाली एक, वर दुसरा, वरचा अर्धा पारदर्शक करून विहिरीवर विहीर बसवायची, मग तिसरा दुसऱ्यावर, चौथा तिसऱ्यावर. एक आठवडा रोज रात्री केलं आणि चालवून बघितलं तर विहीर आता नाचत नव्हती पण हळूहळू चालत होती, जून ते जानेवारीत ती स्वतःच्या रुंदीइतकी डावीकडे गेली होती. प्रत्येक जोडीत दोन-तीन पिक्सेलची चूक, आणि ती पुढच्यात जमा होत जाते. हा धडा लक्षात ठेवा: प्रत्येक फोटो मागच्याशी नाही, सगळे फोटो एकाच ठरलेल्या फोटोशी जुळवायचे. आणि तो फोटो पहिला असायलाच हवा असं नाही. मी ऑक्टोबरचा घेतला, सोयाबीन निघाल्यावरचा, कारण तेव्हा सगळे बांध आणि कोपरे उघडे असतात.

इथे पुतण्या कामाला आला. इंजिनिअरिंगला आहे, त्याने ओपनसीव्हीमधे (फोटोंवर काम करणारं प्रोग्रामिंगचं साधन) एका संध्याकाळी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, लिहून दिली. ऑक्टोबरच्या फोटोवर ठरलेल्या जागा क्लिक करायच्या, दुसऱ्या फोटोवर त्याच जागा त्याच क्रमाने क्लिक करायच्या, स्क्रिप्ट दुसरा फोटो फिरवून-तिरका करून पहिल्यावर बसवते. कमीत कमी चार जागा लागतात आणि त्यातल्या कुठल्याही तीन एका रेषेत नकोत. मी सात घेतल्या: विहिरीच्या कठड्यावर समोरासमोर दोन, ओट्याचे दोन कोपरे, डीपीच्या दोन खांबांचे पायथे आणि रस्त्याच्या मोरीचा कोपरा. ४७ फोटो गुणिले ७, म्हणजे ३२९ क्लिक, तीन रात्री लागल्या.

आणि तरी चुकलंच. विहिरीकडची बाजू खिळ्याने ठोकल्यासारखी स्थिर आणि पलीकडचा कोपरा झोका घेतोय. कारण माझ्या सगळ्या जागा एकाच बाजूला होत्या. जागा फोटोच्या चारी कोपऱ्यांकडे पसरलेल्या हव्यात, एकाच ठिकाणी दहा असून उपयोग नाही. पण त्या कोपऱ्यात न हलणारं होतं काय, नुसतं शेत! शेवटी फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून बघताना बांधावरची बाभूळ दिसली, तिचा बुंधा जमिनीत शिरतो ती जागा. पावसाळ्यात गवताने अर्धी झाकलेली, पण प्रत्येक फोटोत आहे. आठवी जागा ती. झोका थांबला.

खांबाचा पायथा म्हणालो, शेंडा नाही. मी आधी शेंडेच क्लिक केले होते कारण ते स्पष्ट दिसतात. पण ड्रोन मीटरभर सरकला की उंच वस्तूचा शेंडा जमिनीपेक्षा जास्त सरकलेला दिसतो, आणि ही युक्ती चालते ती सपाट जमिनीवर. झाडाचे शेंडे थोडे डुलतील, ते डुलू द्यावेत, डोळ्याला ते वाऱ्यासारखं वाटतं. जमीन हलायला नको.

आता जसं आठवेल तसं. पांढऱ्या चुन्याने रंगवलेले पाच-सहा दगड पहिल्याच दिवशी शेताच्या कोपऱ्यांवर ठेवा, गवत वाढेल ते धरून जरा उंचावर. मी नाही ठेवले, म्हणून बाभळीचा बुंधा शोधत बसलो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, मी पहिले सहा रविवार ठेवला होता, सगळं शेत हिरवं झालं की कॅमेरा हिरवा रंग कमी करतो आणि ऐन पावसाळ्यातलं सोयाबीन मळकट येतं. ५५०० केल्विनवर लॉक करा, एक्स्पोजर (फोटो किती उजळ ते) पण हाताने. फोटो हवा त्यापेक्षा मोठा काढा, सगळे जुळवल्यावर कडेला काळ्या पट्ट्या येतात, माझा ४०००चा ३२०० उरला. एकेका फोटोला १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, दिल्या आणि एकातून दुसरा हळूच उमटवला, ४७ फोटोंचे साडेतेवीस सेकंद झाले. व्हिडिओपेक्षा फोटोच काढा, आणि एका वेळी आठ-दहा, त्यातला एक तरी रेषेवर बसलेला निघतो.

वेळेचं वर सांगायला हवं होतं. आपल्याकडे सूर्य बाराला नाही, साडेबाराच्या आसपास डोक्यावर येतो, मी तीच वेळ धरली होती. जूनच्या सुरुवातीला खांबाची सावली जवळजवळ पायाशीच, आणि डिसेंबरमधे त्याच वेळी खांबाएवढी लांब, हा फरक राहणारच. पण एका आठवड्याला सकाळी आणि एका आठवड्याला दुपारी असं केलंत तर सावल्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात आणि कितीही जुळवलं तरी शेत हललं असंच वाटतं. मेमधे मला चार रविवार सकाळी जावं लागलं कारण ४० डिग्रीच्या वर ड्रोन उडवायचा नसतो, ते चार फोटो शेवटी अजून खटकतात.

जूनमधे आत्याला परत दाखवलं. या वेळी टीव्हीवर लावलं. विहीर जागच्या जागी, आणि तिच्याभोवती माती काळी होतेय, हिरवी होतेय. ऑगस्टमधे हिरवा रंग फिका पडत गेला तेव्हा ती बोलली, "पाऊस नव्हता ना रे तेव्हा." नव्हताच, देशात १९०१पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, आणि ते फोटोत दिसत होतं. मग सप्टेंबर, कापणी, नांगरट, गहू. दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा गहू कोवळा असतानाच्या फोटोवर म्हणाली थांब, मागे घे जरा. उठून टीव्हीजवळ गेली, गुडघा धरून, आणि बोट ठेवलं.

"हा पाट कुणी वळवला?"

मला काहीच माहीत नव्हतं. मागे-पुढे करून बघितलं तर खरंच, नोव्हेंबरच्या दुसऱ्या फोटोपर्यंत पाट बांधाच्या कडेने सरळ जातो आणि तिसऱ्यापासून बाभळीच्या अलीकडेच वळतो. मी त्या फोटोंवर तीन रात्री क्लिक करत बसलो होतो आणि मला दिसलं नव्हतं. आत्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून दादाला हाक मारली.