१६१० किलोहर्ट्झवरचा पाचोळा

मिरजेच्या आमच्या घरात ट्रान्झिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर असायचा आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त आप्पांचा. सांगली केंद्राचं काही नाही, १२५१ किलोहर्ट्झवर ते कसंही ठेवलं तरी खणखणीत लागायचं. पण रात्री मुंबईचं १०४४ लावायचं म्हटलं की आप्पा ट्रान्झिस्टर दोन्ही हातांत धरून तसूतसूनं फिरवायचे. एका ठरावीक कोनात खरखर मागं सरायची, आवाज पुढं यायचा, आणि आप्पा म्हणायचे, "हां, आता कुणी धक्का लावू नका." आम्हाला वाटायचं, ही त्यांची एक लकब.

त्यात लकब काही नव्हती. हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तीही अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टनच्या बाहेर, नवरा झोपल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर.

सुरुवात रस्त्यात झाली. लेकीला व्हर्जिनियातल्या कॉलेजात सोडून इंटरस्टेट ८१ वरून परतत होतो. गाडीत कुणी बोलत नव्हतं, अशा वेळी बोलायचं तरी काय. कडेला निळी पाटी दिसली: प्रवाशांसाठी माहिती, एएम रेडिओवर अमुक फ्रीक्वेन्सी. मी लावली. एक माणूस अगदी सपाट आवाजात सांगत होता की पुढच्या पुलावर एक लेन बंद आहे. निरोप संपला की पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच मैलांत तो आवाज खरखरीत बुडाला. नवरा म्हणाला, "काय दळिद्री रेडिओ आहे." मला मात्र तो माणूस घरी येईपर्यंत आठवत राहिला.

अमेरिकेत या केंद्रांना १९७७ मध्ये नियमांची चौकट मिळाली. ताकद जास्तीत जास्त दहा वॉट, अँटेना पंधरा मीटरपेक्षा उंच नको, गाणी नकोत, जाहिराती नकोत. सुरुवातीला त्यांना ५३० आणि १६१० या एएम पट्ट्याच्या दोन टोकांच्या जागा दिल्या होत्या, मधल्या जागा नंतर मिळाल्या. महामार्ग, विमानतळ, राष्ट्रीय उद्यानं, लहानसहान गावं, सगळ्यांकडे अशी केंद्रं असायची. मोबाइल आल्यावर बरीच बंद पडली. आमच्या डेलावेअरच्या वाहतूक खात्याकडे तर १३८० वर चक्क पूर्ण परवान्याचं केंद्र आहे, ते मी कामावर जाताना ऐकते. पण त्याची गोष्ट वेगळी. दहा वॉट म्हणजे आपल्याकडच्या झिरोच्या बल्बाहूनही कमी.

आणि हे एवढंसं केंद्र रात्री शेकडो किलोमीटरवर ऐकू येऊ शकतं. दिवसा वातावरणात साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर एक थर असतो, तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून दूरवर उतरतात. मिरजेत मुंबई रात्रीच का नीट लागायची, ते इथं येऊन उमगलं.

दूरची केंद्रं पकडण्याच्या या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. तारायंत्रवाले अंतरासाठी 'डीएक्स' लिहायचे, त्यावरून. छंद जुना आहे, इथला नॅशनल रेडिओ क्लब १९३३ पासूनचा. मी टेकसनचा पीएल-३८० रेडिओ घेतला, हातात मावणारा. पहिला महिना मजेत गेला. लुईव्हिलचं ८४०, अटलांटाचं ७५०, क्लीव्हलंडचं ११००, शार्लटचं १११०. सगळी पन्नास हजार वॉटवाली. यात माझं कर्तृत्व शून्य. नॅशव्हिलचं ६५० मात्र छळायचं, कारण शेजारीच न्यूयॉर्कचं ६६० बसलंय. रेडिओच्या पोटात अँटेना म्हणून फेराईटचा दांडा असतो, त्याचं टोक ज्या केंद्राकडे रोखाल ते केंद्र दबतं. पण आमच्या घरापासून न्यूयॉर्क ईशान्येला आणि नॅशव्हिल जवळजवळ बरोबर उलट्या टोकाला. दांड्याला पुढचं-मागचं कळत नाही. एकाला दाबावं तर दुसराही दबतो.

वहीत नावं भरत गेली तसा मला कंटाळा यायला लागला. पन्नास हजार वॉटवाला माणूस तुमच्या कानात ओरडतोय आणि तुम्ही म्हणताय, मी ऐकलं. मला तो पुलावरचा सपाट आवाज हवा होता, किंवा त्याच्या जातीचा दुसरा कुणीतरी.

५३० वर गेले तर तिथं पंजाबी. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनचं केंद्र, आणि मधूनच क्यूबाहून नुसतं वाद्यसंगीत. १६१० वर टोरोंटोचं स्पॅनिश केंद्र ठाण मांडून, ते जरा हटलं की मॉन्ट्रियलचं रेडिओ हमसफर आणि चक्क हिंदी गाणी. अमेरिकेतल्या एखाद्या खेड्याची सरकारी सूचना शोधायला बसावं आणि किशोरकुमार भेटावा. पहिल्या रात्री मी सूचना सोडून गाणंच ऐकलं, खोटं कशाला बोलू.

पण गाण्याच्याही खाली एक गुरगुर होती, सततची, १६१० च्या दोन्ही बाजूंना पसरलेली. ही आकाशातली नव्हे, घरातली. शोधायची रीत सोपी आहे: रेडिओ बॅटरीवर ठेवायचा आणि घराचा मेन स्विच पाडायचा. पाडला. गुरगुर गेली. मग एकेक सर्किट चालू करत गेले. फ्रिज निर्दोष, वायफाय निर्दोष, नवऱ्याचा लॅपटॉप थोडासा दोषी. आणि खरा गुन्हेगार निघाला देवघर. दिवाळीत लावलेली एलईडीची माळ, तिचा तळहाताएवढा अडॅप्टर. तेव्हापासून रात्री नऊनंतर आमच्या देवघरात समई असते. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या खूश झाल्या. कारण मी सांगितलं नाही.

मग लूप बांधला, म्हणजे वेढ्यांचा मोठा अँटेना. साठ सेंटिमीटर बाजूची लाकडी फुली, तिच्यावर वायरचे अकरा वेढे, आणि एक जुना गँग, केंद्र लावायचा फिरता कंडेन्सर. मिरजेत रेडिओ दुरुस्तीवाले गँग म्हणायचे तोच. इथं तो शब्द कुणाला कळेना, शेवटी हौशी मंडळींच्या एका बाजारात एका म्हाताऱ्याच्या पेटीत मिळाला, तीन डॉलरला. लूपची वायर रेडिओला जोडायची नसते. रेडिओ नुसता जवळ ठेवायचा, गँग फिरवायचा, आणि एका जागी रेडिओ एकदम दीर्घ श्वास घेतल्यासारखा भरून येतो. पहिल्यांदा तो भरून आला तेव्हा मी एकटीच हसले. नवरा वरून ओरडला, "अगं, झोप आता!"

टोरोंटो आमच्यापासून वायव्येला. लूप फिरवून ती दिशा मारली, म्हणजे दाबली, की आपोआप नैर्ऋत्य उघडते, म्हणजे व्हर्जिनियाचे डोंगर. मॉन्ट्रियल या बेतात बसत नव्हतं, ते येऊन-जाऊन. पण ते मिनिट-दोन मिनिटं बुडायचं, आणि त्या फटीत, वीस नोव्हेंबरच्या सुमाराला, एक पुरुषी आवाज आला. एकच शब्द कळला: 'पानं'.

इथून पुढची अकरा रात्रींची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली की ऐकणारा माझ्याकडे काळजीनं बघतो. या केंद्रांचा एक फायदा असा की ती एकच निरोप घोळवत बसतात. आज जे हुकलं ते उद्या त्याच जागी पुन्हा येणार. म्हणजे वाक्य एका रात्रीत ऐकायचं नसतं, जमवायचं असतं. दुसऱ्या रात्री 'रस्त्याच्या कडेला'. चौथ्या रात्री 'पिशव्यांत भरू नयेत'. पाचव्या-सहाव्या रात्री फक्त किशोरकुमार. सातव्या रात्री 'थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शुक्रवार'. कागदावर मी रेषा ओढून शब्द त्यांच्या जागी बसवत होते, शब्दकोडं सोडवावं तसे. गावोगावी शरद ऋतूत पानं पडतात, नगरपालिकेची गाडी ती शोषून नेते, त्याचं वेळापत्रक होतं ते. गावाचं नाव मात्र दर वेळी नेमकं बुडायचं. मला 'टाउन ऑफ' एवढं चार वेळा मिळालं.

९ डिसेंबरला रात्री अकरा चाळीसला मॉन्ट्रियल पूर्ण झोपलं. बँडविड्थ, म्हणजे रेडिओ ऐकतो त्या पट्टीची रुंदी, एक किलोहर्ट्झवर आणून ठेवली होती, आवाज रजईखालून आल्यासारखा, पण स्पष्ट. गावाचं नाव, आणि लगेच अक्षरं-आकड्यांचं मिश्रण असलेलं केंद्राचं सांकेतिक नाव. चाळीस सेकंद. रेकॉर्डर चालू होता. अंतर मोजलं: साधारण साडेतीनशे किलोमीटर. गाव शेनान्डोआ खोऱ्यातलं. नाव देत नाही, का ते पुढं येईल.

आता दुसरी पायरी, पावती मिळवण्याची. आपण काय ऐकलं, कधी, कसं, हे केंद्राला कळवायचं आणि त्यांनी 'होय, ते आमचंच' असं लिहून द्यायचं, त्याला क्यूएसएल म्हणतात. मोठ्या केंद्रांना याची सवय असते. खेड्यातल्या नगरपालिकेला असले पत्र म्हणजे एक तर तक्रार वाटते नाही तर फसवणूक. मी पहिलं पत्र नगरपालिकेच्या मुख्य पत्त्यावर टाकलं. महिना गेला, उत्तर नाही. रागावले होते, पण वही नीट लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की घोळ माझाच. वेळ यूटीसीत, म्हणजे जगभरच्या सामायिक प्रमाणवेळेत, लिहायची असते. आमची ९ तारखेची रात्र अकरा चाळीस म्हणजे यूटीसीत १० तारखेचे पहाटेचे चार चाळीस. मी वेळ पुढं नेली आणि तारीख तिथंच ठेवली. जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं ही चूक करावी! तिकडे कुणी ते तपासलं असेल असं नाही, पण मला त्या पत्राची लाज वाटायला लागली.

जानेवारीत दुसरं पत्र लिहिलं. या वेळी रस्ते-कचरा बघणाऱ्या खात्याला, कारण ट्रान्समीटर बहुधा त्यांच्याच आवारात असतो. ऐकलेला निरोप शब्दशः. तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. आणि एक तयार कार्ड, ज्यावर त्यांनी फक्त सही करायची. समोरच्याचं काम जितकं कमी कराल तितकी उत्तराची शक्यता वाढते, हे मात्र मला इथल्या कर खात्याशी पत्रव्यवहार करून आधीच ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आली. 'डिअर सर' अशी. त्यात नम्रपणे लिहिलं होतं की आमच्या केंद्राचा पल्ला तीन-चार मैलांचा आहे, तेव्हा आपला काहीतरी गैरसमज झाला असावा, आपण गावातून प्रवास केला होता का? मी काही वाद घातला नाही. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवून दिलं, आणि खाली नाव पूर्ण लिहिलं, जरी त्यावरून त्याला सर की मॅडम हे कळण्याची शक्यता कमीच होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर. सगळा नम्रपणा गेलेला, वाक्यांना शेवटी टिंबही नव्हतं. तो आवाज त्याचाच होता. ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसात बसून त्यानं निरोप रेकॉर्ड केला होता आणि त्या आठवड्यात त्याला सर्दी होती, ती त्याला माझ्या रेकॉर्डिंगमध्ये, एवढ्या खरखरीतूनही, ऐकू आली. ट्रान्समीटर मीठ साठवण्याच्या शेडमागं आहे, बर्फावर टाकायचं मीठ. त्यानं शेडमध्ये सगळ्यांना बोलावून ऐकवलं. आणि शेवटी एक ओळ: माझं पत्र वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं की पानं गोळा करण्याचा निरोप नोव्हेंबरात बदलायचा राहून गेला होता. जानेवारी संपेपर्यंत ते केंद्र रात्रंदिवस लोकांना पाचोळा कुठं ठेवायचा ते सांगत होतं, आणि गावातल्या एकानंही ते कळवलं नव्हतं.

म्हणून गावाचं नाव देत नाही. बिचाऱ्याची नोकरी आहे.

सही केलेलं कार्ड चार दिवसांनी आलं, मागं हातानं शेडचा नकाशा काढलेला, अँटेना फुलीनं दाखवलेली. ते फ्रिजवर लावलंय. लेक सुट्टीला आली तेव्हा तिनं वाचलं आणि म्हणाली, "आई, हे गाव तर माझ्या कॉलेजपासून अर्ध्या तासावर आहे. मला सांगायचं, मी जाऊन ऐकलं असतं."

त्याच रात्री मी पुन्हा बसले. समई, लूप, १६१०. टोरोंटो मारलं. मॉन्ट्रियलवर कुणीतरी लताबाईंचं जुनं गाणं लावलं होतं, ते संपेपर्यंत थांबले. साडेबाराच्या सुमाराला फट मिळाली. बर्फ पडल्यावर गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला लावू नयेत, ते सांगत होता. आवाज तोच. सर्दी गेली होती.