आमची वाटचाल : चार कामं, एक कान

संगीत महाविद्यालयातून बाहेर पडताना डोक्यात एकच चित्र होतं: रंगमंच, मधोमध पियानो आणि समोर भरलेलं सभागृह. अशा संध्याकाळी माझ्या वाट्याला आल्या. पण वर्षात त्या किती येतात आणि बाकीच्या दिवसांचं काय करायचं, याचा तास अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून आम्ही दोघांनी फर्म काढली. भागीदार गाणारी, मी वाजवणारा. शिकवणी, साथ, रेकॉर्डिंग आणि ट्यूनिंग अशी चार कामं घेतली. बरोबरचे म्हणाले, यांनी दुकान मांडलं. तो शब्द मला अजून टोचतो. जर्मन संगीतकार बाख 1723 पासून 1750 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, लाइपझिगमध्ये होता. तिथे तो मुलांना शिकवायचा, चर्चसाठी रचना करायचा, नवे ऑर्गन तपासून द्यायचा आणि 1729 पासून कॉफीगृहात वाजवणारं मंडळही चालवायचा. क्लेमेंटी पियानोवादक होता, शिक्षक होता, प्रकाशकही होता आणि पियानो बनवून विकायचा. त्यांना दुकानदार म्हणायची कोणाची छाती आहे?

ट्यूनिंग मी पोटापाण्यासाठी शिकलो आणि त्यानेच मला वाजवायला नव्याने शिकवलं. साहित्य थोडकंच: पाना (त्याला हॅमर म्हणतात, पण ठोकायचं त्यात काही नसतं), रबरी पाचरी, फेल्टची लांब पट्टी आणि 440 हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क). हा काटा 1711 मध्ये जॉन शोअर नावाच्या ट्रंपेटवादकाने काढला, म्हणजे ही आपल्याच जमातीची देणगी आहे. पियानोच्या मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. फेल्ट खोचून बाजूच्या दोन गप्प करायच्या, मधली लावायची, मग बाकीच्या तिला मिळवायच्या. पंचम किंचित उतरता ठेवायचा, अवघे दोन सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). मधल्या सप्तकाच्या लगेच खालचे एफ आणि ए एकत्र दाबले की सेकंदाला साधारण सात हेलकावे (आवाजाचं लाटेसारखं कमीजास्त होणं) ऐकू यायला हवेत. कॉलेजात तो पंचम मी हजारदा वाजवला होता. तो मुद्दाम उतरवलेला असतो हे हातात पाना आल्यावर कळलं. आजही शिकाऊ मुलांना मी आधी हे हेलकावे मोजायला बसवतो. ज्याला ते ऐकू येतात, त्याची साथ कधी चढी जात नाही.

आता सातव्या वर्षाबद्दल.

एका मोठ्या संस्थेचं काम आमच्याकडे होतं: परीक्षांना साथ, सुट्टीतले वर्ग आणि मुलांनी घरी सराव करावा म्हणून साथीचे ट्रॅक. निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथूनच येई. त्या भरवशावर दोन कंडेन्सर माइक आणि एक डिजिटल पियानो हप्त्यांवर घेतला. आमच्याच खोलीत दोन वर्षं काम शिकलेला एक जण बाहेर पडला, त्याने स्वतःची फर्म काढली आणि संस्थेला निम्म्या दरात सगळं करून देतो म्हणाला. स्पर्धा मला मान्य आहे. पुढे जे झालं ते मान्य नाही.

आमचे ट्रॅक त्याने सभागृहात वाजवून दाखवले. ते मंद होते, खाली होते आणि मुलांच्या गळ्याला बसत नव्हते. बेसूर ट्रॅक दिले, असा बोभाटा झाला. मी धावत गेलो आणि पहिल्या चार मात्रांतच ओळखलं. आम्ही फाइल दिल्या होत्या 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने असलेल्या, आणि त्याचा इंटरफेस (संगणकातला आवाज स्पीकरला देणारं यंत्र) त्या 44.1 ने वाजवत होता. म्हणजे लय आठ टक्के कमी आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर खाली. नादकाटा काढून कानाशी धरला आणि समोर बसलेल्या संस्थेच्या बाईंनाही ऐकवला. त्या हसून म्हणाल्या, तांत्रिक बाबी आम्हाला कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी काम काढून घेतल्याचं तीन ओळींचं पत्र आलं. तीन बिलं थकली ती थकलीच. वर बेसूर ठरलेले तेच ट्रॅक पुढची कित्येक वर्षं त्यांच्या वर्गात वाजत राहिले, कारण वापराबद्दल आम्ही काहीही लिहून घेतलं नव्हतं.

नव्याने बाहेर पडणाऱ्यांनो, विचारलं नसलंत तरी सांगतो. रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि वादक म्हणून तुमचाही काही हक्क असतो. 1961 च्या रोम करारात तो आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला आहे. कशासाठी, किती काळासाठी आणि कोणी वापरायचं, हे वाजवण्याआधी कागदावर घ्या. फाइलच्या नावातच सॅम्पल रेट लिहा. एका गिऱ्हाइकाकडून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं की नवं गिऱ्हाईक शोधायला निघा.

त्या वर्षी माइक विकावे लागले. पाना विकला नाही. एका कॉयरच्या, म्हणजे समूहगान मंडळाच्या, बाई होत्या, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाईक. त्यांचा जुना उभा पियानो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तीस सेंट उतरलेला होता. सगळ्या तारा मिळून पंधरा-वीस टनांचा ताण असतो. एक ओढली की शेजारच्या सैल पडतात, म्हणून तो दोनदा लावावा लागला. दुसऱ्या फेरीत वरची एक तार तुटली. मी वरमलो. बाईंनी काही न बोलता दिवा जवळ धरला, नवी तार खुंटीवर गुंडाळून होईपर्यंत तसाच धरून उभ्या राहिल्या आणि मग विचारलं, ही तार आता किती दिवस उतरत राहील? असं विचारणारं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही. त्या पडत्या वर्षात त्यांनी वर्षातून दोनदा होणारं ट्यूनिंग दर दोन महिन्यांनी करून घेतलं, ओळखीच्या नऊ जणांकडे आम्हाला धाडलं, आणि सरावाला साथीसाठी माझ्या भागीदाराला कायमचं बसवलं. हप्ते त्यातून फिटले.

पुढची बारा वर्षं सरळ गेली.

गेल्या महिन्यात त्याच संस्थेतून विचारणा आली, सभागृहातला पियानो लावून द्याल का? भागीदार म्हणाली, जा, पियानोचा काय दोष. मी जुनी फाइल काढली, तिन्ही बिलांच्या प्रती जोडल्या आणि कळवलं: ही मिटवा, परवा सकाळी पाना घेऊन येतो. अजून उत्तर आलेलं नाही.