लोन पाइन येथे प्रायव्हेट मार्टिनच्या नावापर्यंत

तुर्कीतील गल्लिपोली या पहिल्या महायुद्धातील रणभूमीला जाणारे बहुतेक प्रवासी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैन्य (अँझॅक) जेथे उतरले तो अँझॅक कोव्हचा किनारा पाहतात आणि चुनुक बेअरच्या माथ्यावरून परततात. आम्ही मात्र एका साध्या शिपायाचे नाव शोधायला गेलो होतो. ऑस्ट्रेलियाच्या २१ व्या बटालियनमधील प्रायव्हेट जेम्स मार्टिन हा त्या युद्धात मृत्यू पावलेला वयाने सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन सैनिक मानला जातो.

न्यू साउथ वेल्समधील टोकमवाल येथे ३ जानेवारी १९०१ रोजी जन्मलेल्या जेम्सने एप्रिल १९१५ मध्ये वय १८ सांगून मेलबर्नमध्ये नाव नोंदवले. संमती मिळाली नाही, तर दुसऱ्या नावाने भरती होईन आणि पत्रही लिहिणार नाही, असे त्याने बजावल्यावर घरच्यांचा नाइलाज झाला. सप्टेंबरमध्ये ग्रीसच्या लेमनॉस बेटाजवळ त्याच्या 'साउथलँड' जहाजावर टॉर्पेडो आदळला तेव्हा तो काही तास पाण्यात होता. तरीही सावरून तो खंदकांत दाखल झाला. तेथून तो घरी वारंवार लिहीत राहिला, पण ऑक्टोबरमधल्या पत्रातही, निघाल्यापासून आपल्याला एकही पत्र मिळाले नाही, असेच त्याला कळवावे लागले. ते वाचताना त्याचे खरे वय जाणवते. त्याचा बळी घेतला तो गोळीने नव्हे, विषमज्वराने. २५ ऑक्टोबर १९१५ रोजी त्याला 'ग्लेनार्ट कॅसल' या रुग्णालय-जहाजावर हलवण्यात आले आणि त्याच दिवशी हृदयक्रिया बंद पडून तो गेला. तेव्हा तो १४ वर्षे ९ महिन्यांचा होता.

त्याचे दफन समुद्रात झाले, म्हणून त्याची कबर शोधू नये. ज्यांना ज्ञात कबर नाही, अशांची नावे कोरलेल्या लोन पाइन स्मारकावर त्याचे नाव आहे. नावे बटालियन, हुद्दा आणि आडनाव या क्रमाने आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावरून फलकाचा क्रमांक आधीच टिपून घ्यावा, म्हणजे उन्हात शोधाशोध करावी लागत नाही. दगडावर आडनाव आणि आद्याक्षरे आहेत, वय नाही. त्यामुळे त्याची हकिगत आधी वाचूनच जावे, एरवी नजर त्या ओळीवरून सरळ पुढे सरकते.

मुक्कामासाठी चानाक्काले शहर सोयीचे आहे. तेथून फेरीने दार्दनेल्स सामुद्रधुनी ओलांडून गल्लिपोलीच्या बाजूच्या एजेआबातला उतरावे आणि दिवसभराची टॅक्सी ठरवावी, कारण स्मारके दूरदूर विखुरलेली आहेत. लोन पाइनपासून चढाच्या रस्त्याने थोडे पुढे गेल्यावर जॉन्स्टन्स जॉली येथे खंदकांच्या खुणा अजून दिसतात. एका बाजूला ऑस्ट्रेलियन, दुसऱ्या बाजूला तुर्की, आणि मध्ये जेमतेम रस्त्याएवढे अंतर. येथे घाई करू नये. खंदकांच्या कडांवर चढू नये, त्या ढासळतात. सावली कमी असल्याने पाणी सोबत ठेवावे. २५ एप्रिलच्या, म्हणजे अँझॅक स्मृतिदिनाच्या, सुमारास गर्दी आणि रस्त्यांवर निर्बंध असतात. शांतपणे नावे वाचायची असतील, तर ऑक्टोबर निवडावा. वेळ उरल्यास दक्षिण टोकावरील हेलेस स्मारकालाही जावे, तेथे या मोहिमेत पडलेल्या भारतीय सैनिकांची नावे आहेत.