मेंबर व्हायचं, पण कशाचं?

गेल्या आठवड्यात परत तसलाच फोन आला. मॅडम तुमची निवड झालीय, रविवारी हॉटेलवर या, नवरा-बायको दोघंही पाहिजेत, गिफ्ट आहे, आणि आमच्या क्लबची मेंबरशिप घेतली की सोफा, बेड, गाद्या, पडदे सगळं कंपनीच्या रेटला. मी सरळ नाही म्हटलं. पण आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघी जाणार आहेत असं कळलं म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या नणंदेनं सव्वा वर्षापूर्वी हे केलंय. नुकताच फ्लॅटचा ताबा मिळालेला, घर मोकळं, लोन पास झालेलं, नेमकं अशाच वेळी हे लोक गाठतात. तीन तास बसवून ठेवलं, आज सही केली तर चाळीस हजार, उद्या साठ. जीएसटी धरून 47,200 गेले, मुदत तीन वर्षं. दर दाखवा म्हटलं तर म्हणे मेंबर झाल्यावर लॉगिन मिळतं, त्यात दिसतील. मला राग येतो तो इथं. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात पाव किलो शेंगदाणे घेताना पण आपण आधी भाव विचारतो की नाही? मग 47 हजार भाव न बघता कसे द्यायचे!

आता हिशोब बघा. समजा खरोखर 15 टक्के स्वस्त मिळालं, तरी नुसती फी वसूल व्हायला तीन लाख पंधरा हजाराची खरेदी पाहिजे, तीही तीन वर्षांत. टू बीएचकेत एवढं काय काय घेणार? शिवाय 15 टक्के कशावर, तर त्यांनीच छापलेल्या एमआरपीवर. नणंदेला एल शेपचा सोफा 92 हजाराचा 61 ला दाखवला, वर डिलिव्हरी आणि फिटिंगचे वेगळे. तेवढ्याच मापाचा सोफा आमच्या मिस्त्रीनं 54 हजारात केला, फ्रेमला कुठलं लाकूड, फोम किती डेन्सिटीचा, सगळं समोर उभं राहून बघितलं, कापड आम्ही निवडलं. कॅटलॉगमध्ये नुसतं इंजिनिअर्ड वूड लिहिलेलं असतं, त्यावरून माणसाला काय कळणार? किचनच्या ट्रॉल्यांना तर मी 710 ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय आहे का हे शिक्का बघून घेतलं, कारण आपल्याकडचा पावसाळा म्हणजे साधा प्लाय फुगलाच. पडद्यांचं कापड गांधीनगरातनं आणलं, शिलाई गल्लीतल्या ताईंनी केली, आणि एक पडदा आखूड झाला तो दुसऱ्या दिवशी बदलून पण दिला. क्लबवाल्यांकडनं नणंदेला आलेली गादी दोन इंच लहान निघाली, ती बदलायला पाच आठवडे गेले आणि परत नेण्याचं भाडं तिच्याच गळ्यात.

सगळेच क्लब वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत कॉस्टको आहे, वर्षाची फी 65 डॉलर, आणि पटलं नाही तर ती पूर्ण परत देतात. लोक तिथनं किराणा, पेट्रोल सारखं घेतात म्हणून ती वसूल होते. आणि तिथंच 1971 साली फर्निचर आणि घरसामानासाठीच एक क्लब निघालेला, पुढं त्याचं नाव डायरेक्टबाय झालं, फी हजारो डॉलर, शेवटी 2016 ला दिवाळखोरीत गेला. सोफा आपण दहा-बारा वर्षांनी एकदा घेतो हो, त्याला दरवर्षीची मेंबरशिप कशाला? एखाद्याला लॉज किंवा होमस्टे सजवायचा असेल, एकदम वीस खोल्या, तर गोष्ट वेगळी, पण त्यानंही दर आधी मागावेत.

आपल्याकडं मेंबर म्हटलं की माणूस विश्वास टाकतो, त्याचं कारण मला वाटतं सहकार. कारखान्याचा सभासद म्हणजे नावावर शेअर, सवलतीची साखर, आणि वार्षिक सभेत उठून चेअरमनला प्रश्न विचारायचा हक्क. गोकुळला दूध घालणाऱ्याला दिवाळीच्या तोंडावर फरक बिल, म्हणजे दूधदरातल्या फरकाचे पैसे मिळतात. माझे सासरे वारणा बझार या सहकारी दुकानाचं कौतुक करतात तेही याचसाठी, की पैसा आपल्यातच राहतो. या क्लबची फी म्हणजे शेअर नव्हे, ती गेली की गेली, आणि शब्द मात्र तोच वापरतात.

नणंदेनं पैसे परत मागितले तर फॉर्मवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, नॉन रिफंडेबल. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागता येते. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडं जावं लागतं, पण सदोष माल आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखापर्यंतच्या रकमेला फी पण नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन करून तिनं तक्रार नोंदवलीय. कायद्यानं दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे तिच्या हातात अजून नऊ महिने आहेत. पावती, करार, गादीचं बिल, व्हॉट्सॲपचे मेसेज सगळं तिनं माझ्याकडं पाठवलंय, आज रात्री तारखेप्रमाणं लावून फाईल करून देतेय. त्या दोघींना पण सांगितलंय, रविवारी जायच्या आधी येऊन ही फाईल बघून जा.