वहीतल्या खुणा

"तुमच्या माणसांनी ऐकलं कसं ओ? आमच्याकडं तर त्या कॉम्प्युटरला कुणी हात पण लावत नाही." बेदाण्याचे स्टोरेजवाले, हळदीचे कारखानदार, परवा तर एक गूळवाले पण, सगळे हेच विचारतात आणि मी दरवेळी घाईत फोनवर अर्धंमुर्धं काहीतरी सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

आमचं कोल्ड स्टोरेज तासगाव तालुक्यात, फक्त बेदाण्याचं. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. द्राक्षं वाळवायच्या शेडमधून निवडून आलेला माल १५ किलोच्या पेटीत भरून आमच्याकडं येतो आणि ४-५ डिग्रीला राहतो, कारण गरमी लागली की हिरवा माल काळपट पडत जातो आणि बेदाण्यात रंग गेला की दर गेला. शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक आपल्या चेंबरमध्ये असतं, त्या पावतीवर त्यानं तारण कर्ज पण उचललेलं असतं. म्हणजे आमच्या वहीतली एक ओळ चुकली तर कुणाच्या तरी घरात चूल पेटताना विचार करावा लागतो, इतकं ते सरळ आहे.

हा सगळा हिशोब वहीतून कॉम्प्युटरवर घ्यायला आप्पांचा म्हणजे वडिलांचा सुरुवातीला साफ नकार होता. २०१९ च्या पुरात सांगलीत ओळखीच्या एका अडत दुकानात पाणी शिरलं, वह्यांचा नुसता लगदा झाला, कुणाचं किती येणं कुणाचं किती देणं हे लोक महिनाभर आठवून आठवून सांगत होते. ते बघून आल्यावर आप्पा म्हणाले, घे तुझा कॉम्प्युटर.

मला वाटलं झालं, आता मालकच हो म्हणाले. पण खरा नकार तर गेटवर बसला होता. स्टोअर बघणारे मामा, आमच्याकडं पंचवीसेक वर्षं आहेत. ते तोंडानं नाही म्हणायचेच नाहीत, "करूया की ताई" म्हणायचे आणि सगळं वहीतच लिहायचे, कॉम्प्युटरमध्ये संध्याकाळी कुणीतरी पोरगं अंदाजानं भरायचं. मार्च-एप्रिलला आवक जोरात सुरू झाली, गेटला ट्रॅक्टरची रांग, आणि महिन्याभरात स्क्रीनवरचा स्टॉक एक अन् चेंबरमधला दुसराच. मी मामांवर चिडले, आवाज चढवून बोलले. ते मी करायला नको होतं.

शेवटी सीझन सरल्यावर मी त्यांच्याशेजारी खुर्ची टाकली आणि म्हटलं, मामा, मला तुमची वही वाचायला शिकवा. आठ दिवस लागले! लाल रेघ म्हणजे माल तारण आहे, बँकेचं पत्र आल्याशिवाय एक पेटी सोडायची नाही. गोल म्हणजे पेटी फुटून परत बांधलेली. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील, तर कुणापुढं 'विहिरीवरचे', कुणापुढं 'मळ्यातले'. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सौद्याला, म्हणजे बाजारातल्या लिलावाला, जाऊन परत आलेला माल. वीस पेट्या सौद्याला जातात, तिथं पेट्या फोडून बघतात, बेदाणा उधळतात, दर पटला नाही की माल परत येतो आणि वजनात तूट असते. आमच्या सॉफ्टवेअरला फक्त आवक आणि जावक माहीत! परत आलेल्या मालाला ते नवीन नंबर द्यायचं, म्हणजे भाडं नव्या तारखेपासून, तारणाची पावती जुळत नाही आणि माल मुळात कुठल्या शेडचा हा धागाच तुटला. मामा म्हणाले, "ताई, म्या ह्यात भरलं असतं तर शेतकऱ्याला खोटी पावती गेली असती. मग गावात त्वांड कसं दाखवू?"

मी त्याला विरोध म्हणत होते, ते तर स्टोअर सांभाळत होते. ज्यानं सॉफ्टवेअर दिलं तो आमच्या गेटवर एक दिवस पण बसला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी पण नव्हते. मग बदल करून घेतले, 'सौद्याहून परत' असा वेगळा रकाना, जुनाच नंबर, तुटीचं वजन, ओळखीच्या नावाची जागा, तारण असेल तर गेटपास निघणारच नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आधी झिरो पेमेंटसाठी, म्हणजे व्यापाऱ्यांकडची मागची सगळी येणी-देणी मिटवायला, सौदे बंद होते, गेट निवांत होतं, तेव्हा मामांनीच वहीतून एकेक लॉट वाचला आणि मी भरला. पुढच्या सीझनला ते स्वतः टाईप करत होते, एका बोटानं का असेना.

टेंपरेचरची गोष्ट वेगळी. ऑपरेटर दर दोन तासांनी रजिस्टरला आकडा लिहायचा, पानभर ४.५, ४.५, ४.५. सेन्सर बसवल्यावर कळलं की दुपारी आकडा ८-९ पर्यंत जातोय. पोरगं घाबरून गेलं, आता नोकरी जाते म्हणून. आप्पांनी ठरवलं, पहिला महिना ह्या ग्राफवरून कुणाला एक शब्द बोलायचा नाही. मला वाटतं आमच्याकडं जे काही जमलं त्यातलं निम्मं त्या एका निर्णयामुळं. कारण मग त्यानंच येऊन सांगितलं की लोडिंगला दार तास-तास उघडं राहतं, पडदा फाटलाय, आणि हे तो आधी पण दोनदा बोलला होता पण कुणी ऐकलं नव्हतं. पडदा बदलला, आता ग्राफ तोच दाखवायला आणतो.

निवडायला येणाऱ्या बायकांसाठी बोटाचं हजेरी मशीन आणलं होतं, ते मात्र आम्ही काढून टाकलं. रोज बेदाण्यात हात, बोटं चिकट, कातडी झिजलेली, अंगठाच उठत नव्हता आणि सकाळी त्यांचा अर्धा तास रांगेत जायचा, तो पण बिनपगारी. त्यांचं बरोबर होतं. आता मुकादम मावशी मोबाईलवर नावापुढं टिक करतात, शनिवारी पगाराआधी सगळ्यांना वाचून दाखवतात.

खर्च किती, कंपनी कुठली, हे पण विचारता तुम्ही, ते फोनवर सांगीन. पण आवकेच्या तोंडावर सुरू करू नका एवढं नक्की, आणि आधी गेटवरची वही वाचा.

मामांची वही अजून चालू आहे, मी बंद करा म्हटलेलं नाही. यंदा त्यात एक नवीन खूण दिसायला लागलीय, छोटा त्रिकोण. विचारलं तर म्हणाले, अवकाळीत पाणी लागलेल्या शेडचा माल, आधी काढायला सांगायचा शेतकऱ्याला. स्क्रीनवर त्याला अजून जागा नाही. दिवाळीला सौदे थांबले की ती करून घ्यायचीय.